ओख्याच्या बोटीवरचा मराठी माणूस कोणाचा?

गुजरातमधील मराठी माणसाच्या प्रश्नांवर मंडळात बोलणे निघाले की यादी ठरलेली असते. मराठी शाळांची घटती पटसंख्या, सभागृहाचे वाढते भाडे, गणेशोत्सवाच्या परवानग्या, आणि महापालिका निवडणुकीत आपल्या माणसांना मिळणारी (किंवा न मिळणारी) तिकिटे. हे प्रश्न खोटे नाहीत. पण या यादीत एक माणूस कधीच येत नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी या भागांतून दर वर्षी ओखा, पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ या बंदरांवर मासेमारीच्या बोटींवर कामाला येणारा खलाशी तो हा माणूस. त्याची मुले मराठी शाळेत शिकतात, त्याच्या शिधापत्रिकेवर महाराष्ट्र शासनाचा शिक्का आहे, आणि वर्षातले सात-आठ महिने तो गुजरातच्या बंदरांवर आणि गुजरातच्या समुद्रात घाम गाळतो. मग तो 'गुजरातमधील मराठी माणूस' नव्हे काय? की त्यासाठी वाड्यात जन्मलेले असावे लागते?

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. या माणसाला ज्या पद्धतीने कामावर आणले जाते, ठेवले जाते आणि शेवटी मोकळे केले जाते, तिला आपल्या देशाच्या कायद्यात नाव आहे. ते नाव वेठबिगारी. 'हंगामी रोजगार', 'परंपरा', 'दोन्ही बाजूंची सोय' ही सारी पांघरुणे आहेत.

उचल नावाची दोरी

पद्धत जुनीच आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आली की पाड्यापाड्यांतून दलाल फिरू लागतो. पावसाळा हा आदिवासी घरातला सर्वांत अडचणीचा काळ. कोठार रिकामे, भाताची लावणी नुकतीच झालेली, घरात आजारपण. अशा वेळी दलाल हातावर रोख उचल ठेवतो. कागद नाही, करार नाही, पगार किती आणि कधी याचा लेखी शब्द नाही. उचल घेतली की माणूस त्या हंगामापुरता त्या बोटीचा झाला.

सात-आठ जणांची टोळी घेऊन बोट एकदा निघाली की पंधरा-वीस दिवस समुद्रावर असते. जाळे ओढायचे, मासळी निवडायची, बर्फात भरायची, पुन्हा जाळे टाकायचे. झोप मिळेल तेवढी आणि मिळेल तेव्हा. तांडेल म्हणेल ते खरे. आजारी पडले तर दवाखाना बंदरावर, आणि बंदर कधी यायचे ते मासळीवर ठरणार. हिशेब हंगामाच्या शेवटी. मधेच सोडून जायचे म्हटले तर उचल परत करा, नाहीतर झालेल्या कामाचे पैसे विसरा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची अकरा लक्षणे सांगितली आहेत. त्यांत कर्जाने बांधून ठेवणे, मजुरी अडकवून ठेवणे, माणसाला एकाकी पाडणे, अगतिकतेचा फायदा घेणे, बेसुमार वेळ काम करून घेणे आणि राहण्याची-कामाची स्थिती हलाखीची असणे ही लक्षणे आहेत. वाचकांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा आणि किती लक्षणे जुळतात ती बोटांवर मोजावीत. प्रत्येक बोटमालक असाच वागतो असे आम्ही म्हणत नाही. वेळेवर पैसे देणारे, घरच्या अडचणीला धावणारे मालकही आहेत. पण ज्या व्यवस्थेत माणसाची सुटका मालकाच्या भलेपणावर अवलंबून असते, ती व्यवस्था भली म्हणता येत नाही.

धनको कोण, ऋणको कोण?

बँकेत खतावण्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना या व्यवहारातली खरी लबाडी हिशेबात दिसते. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. समजा, उचल २०,००० रुपये, ठरलेली मजुरी महिना १२,००० रुपये आणि हंगाम आठ महिन्यांचा. पहिल्या महिन्याअखेर खलाशाने १२,००० रुपयांचे काम केले. दुसऱ्या महिन्याअखेर २४,००० रुपयांचे. म्हणजे दुसरा महिना संपण्यापूर्वीच उचल फिटली. तेथून पुढे देणे कोणाचे? मालकाचे! सातव्या महिन्याच्या अखेरीस मालक त्या खलाशाचे ६४,००० रुपये देणे लागतो. बोटीवर असे सात जण असतील तर ही रक्कम होते ४,४८,००० रुपये. बिनव्याजी, बिनतारण, बिनकागदाची.

कोणत्याही बँकेत साडेचार लाखांचे कर्ज मागायला गेले तर काय काय लागते ते वाचकांना ठाऊक आहे. जामीनदार, तारण, उत्पन्नाचा दाखला, दहा ठिकाणी सह्या. येथे एक मालक सात गरिबांकडून तेवढी रक्कम नुसत्या दरडावणीवर वापरतो, आणि वर 'यांच्यावर आमचे पैसे अडकलेत' म्हणून ओरडतोही तोच. धनको बोटीवर अडकलेला आणि ऋणको किनाऱ्यावर मोकळा, असा उलटा जमाखर्च आम्ही दुसऱ्या कोणत्याही धंद्यात पाहिलेला नाही.

बोटीची मात्र कागदोपत्री बडदास्त चोख आहे. तिला नोंदणी क्रमांक आहे, विमा आहे, डिझेलवर सवलत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरमध्येच एक योजना जाहीर केली. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवायची, म्हणजे कोणती बोट कोठे आहे ते किनाऱ्यावर कळेल. योजना चांगली आहे, जीव वाचवणारी आहे. पण ज्या पालघरमध्ये ती जाहीर झाली, तेथून कोणता माणूस, कोणत्या बोटीवर, किती पगारावर गेला, याची एक वही तरी कोणत्या कार्यालयात आहे काय?

रेषेपलीकडचा तुरुंग

कच्छच्या पुढे समुद्रात एक अदृश्य रेषा आहे. मासळी ती रेषा पाळत नाही आणि मासळीच्या मागे गेलेली बोटही पुष्कळदा पाळत नाही. बोट कोठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही, पण पाकिस्तानच्या सागरी दलाने बोट धरली की तुरुंगात खलाशीही जातो. १ जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या दिल्या, त्यांत पाकिस्तानच्या ताब्यातील भारतीय मच्छीमारांची संख्या १९३ होती. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती भोगून झाल्यावरही सुटका वर्षानुवर्षे होत नाही. (आपला देशही त्यांच्या कोळ्यांना असेच डांबून ठेवतो, हेही लिहिले पाहिजे.)

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याहून निघालेल्या एका बोटीवर पाकिस्तानी दलाने गोळीबार केला. त्यात जो मारला गेला तो पालघर जिल्ह्यातला खलाशी होता. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाला कराचीच्या तुरुंगात मरण आले. मृत्यूनंतर महिना उलटून गेला तेव्हा कुठे त्याचे पार्थिव वाघा सीमेवरून फिरून गावी पोहोचले. कराची ते डहाणू हे अंतर समुद्रमार्गे किती, ते नकाशावर पाहावे.

बोट गेली की मालकाचेही मोठे नुकसान होते, हे आम्हांस मान्य आहे. पण त्या नुकसानीची चर्चा होते, निवेदने जातात, बोटी परत आणण्याच्या मागण्या होतात. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराला मात्र कोणत्या आधारावर मजुरी मागायची हेच कळत नाही. तो पकडला गेला तेव्हा कामावर होता, हे सिद्ध करणारा कागदच नाही. पगाराची पावती नाही, करार नाही. आणि दलालाने नेलेल्या माणसाची नोंद दलालाच्या डोक्यात असते, ती त्याच्या सोयीने विसरलीही जाते.

'पण ते स्वखुशीने येतात!'

हा आक्षेप आपल्यातलेच सुशिक्षित लोक घेतात. त्यांना आम्ही सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवतो. १९८२ साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. (भगवती हे गुजरात उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, म्हणजे परके नव्हेत.) न्यायालयाने म्हटले की सक्ती म्हणजे केवळ काठी आणि साखळी नव्हे. भूक आणि गरिबी माणसापुढे दुसरा मार्गच ठेवत नसेल, तर तीही सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने बंदी घातलेले सक्तीचे श्रम ठरते. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात त्याच न्यायमूर्तींनी आणखी पुढे जाऊन सांगितले की सक्तीचे श्रम दिसले तर त्यामागे उचल आहे असेच गृहीत धरावे; तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची.

१९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आजही लागू आहे. त्याप्रमाणे वेठबिगारीचे कर्ज आपोआप रद्द होते. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती नेमायची आहे. नव्या भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम तर म्हणते की माणसांच्या अपव्यापाराच्या गुन्ह्यात पीडिताची संमती होती की नव्हती हा मुद्दाच गैरलागू आहे. 'स्वखुशी'चा मुद्दा कायद्याने केव्हाच निकालात काढलेला आहे. तो जिवंत आहे तो फक्त आपल्या दिवाणखान्यात.

कायदे भरपूर आहेत, मग अडते कोठे? एक मासला पाहा. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. तो पाच किंवा अधिक स्थलांतरित मजूर असले की लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. नव्या संहितेत पाचाचे दहा झाले! बोटीवर माणसे सात-आठ. प्रत्येक बोट वेगळी आस्थापना धरली, तर खलाशी कायद्याच्या जाळ्यातून सुटतो, म्हणजे लहान मासा सुटावा तसा. फरक इतकाच की सुटलेला मासा जगतो.

कासवाला दार, माणसाला नाही

२०१९ पासून अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. कारण काय? आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत सागरी कासवे अडकून मरतात. अमेरिकेने असे म्हणताच हालचाली सुरू झाल्या. शास्त्रज्ञ बसले, जाळ्यात कासवाला बाहेर पडायला दार ठेवणारे यंत्र तयार झाले, ते बसवायला सरकारी अनुदान जाहीर झाले. कासव वाचलेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस दोरीने बांधला आहे, त्याच्यासाठी दार कोण बनवणार? की त्यासाठीही परदेशी गिऱ्हाईकाने डोळे वटारण्याची वाट पाहायची?

२०२४-२५ मध्ये भारताची मत्स्यनिर्यात ६२,४०८ कोटी रुपयांची झाली. त्यात मोठा वाटा तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचा आहे, हे खरे. परंतु समुद्री मासळी उतरवण्यात गुजरात देशात आघाडीवर आहे आणि वेरावळ-पोरबंदरच्या कारखान्यांतून गोठवलेली माकूळ, वाकटी परदेशी जाते, हेही खरे. गिऱ्हाईक एक दिवस विचारणार आहे.

समुद्रावर कायदा चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी थायलंडकडे पाहावे. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी इंडोनेशियातील बेंजिना बेटावर पिंजऱ्यात कोंडलेले ब्रह्मी खलाशी जगाला दाखवले. त्या शोधानंतर दोन हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. त्याच वर्षी युरोपीय संघाने बेकायदा मासेमारीबद्दल थायलंडला 'पिवळे कार्ड' दाखवले, म्हणजे सुधारा, नाहीतर माल बंद. मग लेखी करार आले, बंदरावर बोट निघताना आणि परतताना तपासणी आली, दरमहा पगार बँकेच्या खात्यात जमा करण्याचा नियम आला. २०१९ मध्ये ते कार्ड मागे घेतले गेले आणि मासेमारीतील कामाविषयीचा २००७ चा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा थायलंड हा आशियातला पहिला देश ठरला. या करारात खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्यावर अजून सही केलेली नाही.

थायलंडमध्ये सारे आलबेल झाले असे मात्र कोणी समजू नये. खात्यात पगार जमा होऊ लागला, पण पुष्कळ ठिकाणी एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक मालकाच्याच खिशात राहिला. म्हणून आम्ही म्हणतो की नुसते खाते उघडून भागणार नाही. पासबुक आणि कार्ड खलाशाच्या बायकोच्या हातात आहे की नाही, ते पाहिले पाहिजे.

सयाजीरावांचे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे?

आपल्यापैकी अनेकांना वाटेल की ओखा कोठे, बडोदे कोठे! आम्ही आठवण करून देतो. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा मुलूख होता. ओखा बंदर १९२६ साली महाराजा सयाजीरावांच्या राज्यात सुरू झाले. ज्या राजाने १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आदिवासी मुलांसाठी सोनगडला शाळा काढली, त्याच्या जयंतीला आपण दर वर्षी हार घालतो. त्यांनी बांधलेल्या बंदरावर आज आदिवासी बाप उचलीने बांधला जातो, आणि आपण त्यांच्या पुतळ्याखाली भाषणे ऐकतो.

डहाणू-तलासरीचा इतिहासही आपल्याला परका नाही. तेथे 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही त्याच्या शेतावर राबत आणि कर्ज कधी फिटतच नसे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ती मोडून काढली. गोदूताईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण पुस्तकाचे कौतुक करायचे आणि त्याच वारल्याच्या नातवाला पुन्हा उचलीत बांधलेला पाहून 'तो आपला विषय नाही' म्हणायचे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

काही मंडळी हळूच म्हणतात, 'येथे राहायचे आहे, कशाला वाकडेपणा घ्या?' त्यांना आमचे उत्तर असे. हा मराठी विरुद्ध गुजराती असा वाद मुळीच नाही. त्याच बोटींवर ऊना, वलसाडचे गुजराती खलाशी आहेत, आंध्रच्या श्रीकाकुलमचे तेलुगू खलाशी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत वेरावळला अडकलेल्या हजारो तेलुगू खलाशांसाठी आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी गुजरातच्या मुख्यमंत्र्यांशी बोलणे केले आणि बसगाड्यांनी माणसे घरी नेली. त्याने आंध्र आणि गुजरात यांच्यात कोणतेही वैर झाले नाही. आपल्या माणसासाठी न्याय मागणे हा वाकडेपणा नव्हे. आणि आपली पिढ्यान्‌पिढ्यांची या भूमीतली वस्ती जर इतकी कच्ची असेल की एका निवेदनाने हलेल, तर मग ती वस्ती कसली?

आता काय करायचे?

केवळ हळहळून भागणार नाही. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.

१. पालघर, देवभूमी द्वारका, पोरबंदर आणि गीर सोमनाथ येथील जिल्हाधिकाऱ्यांना मंडळाने लेखी विचारावे की १९७६ च्या कायद्याखालील दक्षता समितीची शेवटची बैठक केव्हा झाली आणि तीत मासेमारी बोटींचा विषय होता काय. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली अर्ज करावा.

२. प्रत्येक खलाशाला त्याला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा गुजरातीत, लेखी करार मिळावा. त्याची एक प्रत घरी आणि एक ग्रामपंचायतीत राहावी.

३. मजुरी दरमहा खात्यात जमा व्हावी. उचल असेल तर ती कराराच्या कागदावर लिहावी व पहिल्या दोन-तीन महिन्यांत वळती व्हावी. त्यानंतर पैसे अडकवणे हा गुन्हा समजावा.

४. बोट परदेशी दलाने पकडल्यास खलाशाची मजुरी तो घरी परत येईपर्यंत कुटुंबाला चालू राहावी. यासाठी बोटीच्या विम्याबरोबरच विमा सक्तीचा करावा.

५. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही सरकारांनी खलाशांची सामाईक नोंदवही ठेवावी, आणि नव्या श्रमसंहितेतील दहाची अट मासेमारी बोटींना लावू नये.

६. केंद्र सरकारने २००७ च्या कराराला मान्यता द्यावी.

७. मंडळात निवृत्त वकील आहेत, बँकवाले आहेत, सरकारी खात्यांत हयात घालवलेले आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस मराठी खलाशांसाठी मदतकेंद्र चालवावे. डहाणूहून आलेला फोन उचलून मराठीत बोलणारा एक माणूस बडोद्यात असणे, ही सुरुवातही लहान नाही.

निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या सभागृहात येतात, 'मराठी समाजाचे योगदान' यावर चार वाक्ये बोलतात आणि मतांचा आकडा विचारतात. पुढच्या खेपेस त्यांना आपणही एक आकडा विचारू या. तुमच्या राज्यातल्या बोटींवर किती मराठी माणसे कराराशिवाय राबतात? जो उत्तर शोधून आणील, त्याच्याशी मतांचे बोलणे करावे. जो हसून विषय बदलील, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.